बुंददाण्यापासून जायफळाच्या कॉफीपर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने आपल्या घरातल्या एखाद्या जुन्या चालीचा इतिहास लिहावा, असे आपल्या अध्यक्षाबाईंनी सुचविले. इतिहास म्हटला की साताऱ्यात अजिंक्यतारा आणि राजवाडा, सांगलीत गणेशदुर्ग आणि पटवर्धन. त्यांवर लिहिणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत, आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मी आपल्या चुलीपाशीच राहायचे ठरविले. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे जायफळ-वेलदोडा घालून दुधाची कॉफी करतात. ती आपल्या घरात कोठून आली, तिच्यात जायफळ कोणी घातले, आणि ती कोणाकोणाच्या वाट्याला आली, एवढाच माझा विषय. यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो, पण तो समजायला आधीचे दोन्ही सांगावे लागतात. म्हणून भगिनींनी थोडा धीर धरून वाचावे.

माझे माहेर सांगलीचे, सासर साताऱ्याचे. दोन्ही गावे कृष्णेच्या खोऱ्यातली, पण थंडी निराळी. सांगलीला पौषात पहाटे नदीवर धुके धरते आणि ऊन वर आले की माणूस थंडी विसरतो. साताऱ्यात यवतेश्वराच्या बाजूने वारा उतरू लागला की दिवेलागणीला अंगणात उभे राहवत नाही. वर महाबळेश्वरात तर वेण्णा तळ्याच्या काठी दवाचे थेंब गोठून गवत पांढरे होते. त्यामुळे कॉफीतही फरक. माझ्या माहेरी कॉफी दाट, कडवट आणि वेलदोडा बेताचा. सासरी जायफळ पुढे, आणि मार्गशीर्ष लागला की त्यात सुंठीचा तुकडाही ठेचून पडे. लग्न होऊन आले तेव्हा पहिला घोट घेतल्यावर हा काढा आहे की कॉफी, असे मला वाटले होते. आता माहेरची कॉफी मला अळणी लागते.

कॉफी हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला, पण वस्तूची ओळख जुनी आहे. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना बुंद किंवा बुंददाणे म्हणत. अरबी भाषेत कॉफीच्या बीला बुन्न म्हणतात, त्यावरून हा शब्द आपल्याकडे आला. म्हणजे खजूर आणि घोडे ज्या समुद्रवाटेने येत त्याच वाटेचा हा शब्द. आपल्या देशात कॉफीचे झाड कसे आले याची कथा सर्वांना ठाऊक आहे. बाबा बुदन नावाचे सुफी साधू सतराव्या शतकात मक्केच्या यात्रेला गेले आणि परत येताना येमेनमधल्या मोखा बंदरातून त्यांनी सात बिया लपवून आणल्या, आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. त्या डोंगराला आज बाबा बुदनगिरीच म्हणतात. अरब व्यापारी तेव्हा रुजणारी बी बाहेर जाऊ देत नसत, म्हणून लपवून आणावी लागली. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी म्हैसूर आणि कुर्ग भागात मोठाले मळे उठविले. आजही देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते.

आता कोणी म्हणेल, अरब लोक कॉफीत वेलदोडा घालतात, तेव्हा आपली मसाल्याची कॉफीही तिकडूनच आली असेल. मला हे पटत नाही. अरबांची कॉफी बिनदुधाची, लहानशा पेल्यातली, बहुधा बिनसाखरेची. आणि त्यांच्या कॉफीतला वेलदोडा तरी कोठला, तर तो मूळ आपल्याच मलबाराकडचा. दुसऱ्या बाजूने पाहावे तर दक्षिणेकडची कॉफी. ती फिल्टरमधून थेंबथेंब उतरविलेल्या अर्काची, वर कढत दूध, पितळेच्या पेल्यातून वाटीत उंच ओतून फेस आणलेली. तिच्यात जायफळ घातले तर तिकडची गृहिणी हसेल. आपली कॉफी या दोघींपैकी कोणाचीच लेक नाही. तिची आई वेगळीच आहे, तिच्याकडे मी पुढे येते.

आधी बी आपल्याकडे कशी पोचली ते सांगते. घाटावरचा जुना मसाल्याचा व्यापार चिपळूण बंदरातून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला येई. बैलांच्या पाठीवर नारळ, सुपारी, मसाले वर येत आणि गूळ, धान्य खाली जाई. पण कॉफी घरोघरी जायला आगगाडी यावी लागली. सदर्न मराठा रेल्वे कंपनीने १८८० ते १८९० या दहा वर्षांत पुण्याहून दक्षिणेकडे लहान रुळांचा रस्ता घातला. सातारा रोड, कोरेगाव, कऱ्हाड, मिरज, मग बेळगावाकडून लोंढा, हुबळी आणि पुढे थेट बंगळूर. मळ्यांचा मुलूख आणि आमचे मिरज स्टेशन एका रुळावर आले. त्यातून सांगली संस्थानचा मुलूख विखुरलेला. बेळगावजवळचे शहापूर, कानडी भागातले तेरदाळ आणि शिरहट्टी ही सगळी सांगलीकर पटवर्धनांकडे होती. त्यामुळे कामदारांच्या बदल्या, सोयरिकी, व्यापार सगळे कानडी मुलखाशी. सांगली-मिरजेकडच्या पुष्कळ घरांत एखादी तरी सून कानडी बोलणारी असे. माझ्या आजोळीही होती. अशी सून येताना फिल्टरचे पितळी भांडे आणते, आणि सासू ते माळ्यावर टाकते. भांडे माळ्यावर गेले तरी कॉफीची गोडी खालीच राहते.

मुंबईकडून जी आली ती डब्यातली कॉफी. पोलसन म्हटले की जुन्या लोकांना लोणी आठवते. पण पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थांनी १८८८ साली मुंबईत आरंभ केला तो कॉफी भाजून दळण्याच्या दुकानाने. आणंदची लोण्याची डेअरी त्यानंतर चाळीसएक वर्षांनी झाली. त्यांची ती 'फ्रेंच कॉफी' म्हणजे कॉफीत चिकोरी मिसळलेली. चिकोरी ही एका झाडाची मुळी. ती भाजून दळली की रंग काळा, चव कडवट आणि दाटपणा पुष्कळ, पण कॉफीतली तरतरी तिच्यात मुळीच नाही. युरोपात नेपोलियनच्या लढायांमुळे कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा लोकांना ही मुळी सापडली, आणि कॉफी पुन्हा मिळू लागली तरी तिने घर सोडले नाही. आता आपल्याकडे कायद्याने मिश्रणात निम्म्याहून जास्त, म्हणजे निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते, आणि चिकोरी किती ते डब्यावर छापावे लागते. बायकांनी हे अक्षर जरूर वाचावे. चिकोरी वाईट नाही, पण कॉफीच्या भावाने मुळी कशाला घ्यावी?

पुढे सरकारही या कामात पडले. परदेशातली गिऱ्हाइकी मंदावली म्हणून मळेवाल्यांना देशातच पिणारे हवे होते. १९३५ साली कॉफीवर पट्टी बसविण्याचा कायदा झाला, तिच्या पैशातून १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस निघाले, आणि महायुद्धात बाहेरचा व्यापार बंद पडल्यावर १९४२ सालच्या कायद्याने सगळी कॉफी बोर्डाच्या ताब्यात गेली. ही कॉफी हाऊसे म्हणजे पुरुषांची बैठक. वर्तमानपत्र, राजकारण, सिगारेट. त्यांचा इतिहास लिहिलेला आहे. १९५७ पासून कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालविली, हेही त्यात आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या कॉफीचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला नाही, कारण ती कोणी विकली नाही.

मध्येच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आज आपल्याला चहा-कॉफीत काही वावगे वाटत नाही, पण सव्वाशे वर्षांपूर्वी एका कपावरून पुण्यात केवढे वादळ झाले! १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. तेथे लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी मंडळी होती. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. हजर असलेल्यांची नावे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे आपल्या डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, छापून आणली. मग ग्रामण्य उभे राहिले, आणि टिळकांना व रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहा मिशनऱ्यांच्या हातचा, हा गुन्हा. पण घरातही पेल्याचा विचार होताच. चिनी मातीचा कप विटाळला की घासून शुद्ध होत नाही अशी समजूत. म्हणून सोवळ्यातल्या घरात कॉफी पितळेच्या किंवा चांदीच्या पेल्यातून, फुलपात्रातून दिली जाई. ओठ भाजत. आमच्या घरात अजून ते सहा पेले आहेत. आतून कल्हई गेली आहे, म्हणून आता त्यांत फुलवाती ठेवतो.

आता आपल्या कॉफीच्या आईकडे येते. ती आई म्हणजे आटीव दूध.

कोजागिरीला आपण दूध आटवितो, त्यात वेलदोडा, जायफळ, केशर, चारोळी. बासुंदीत जायफळ, श्रीखंडात जायफळ, पुरणातही जायफळ. साताऱ्याचे कंदी पेढे घ्या, दूध तासन्‌तास आटविल्यावर शेवटी सुगंधाला वेलदोडा-जायफळच. आपल्या मुलखात दूध, साखर आणि कढ एकत्र आले की हात आपोआप जायफळाकडे जातो. बाईने कॉफीचा नवा डबा उघडला, पूड दुधात उकळली, वास जरा जळका आणि परका वाटला, आणि तिने तो आपल्या ओळखीच्या वासाने झाकला. मला तर दुसरे कोणतेही कारण दिसत नाही. बाहेरून आलेल्या वस्तूला तिने दुधाच्या घरात घेतले आणि घरचे नाव ठेवले.

आणि जायफळ शोधायला तिला लांब जावे लागले नाही, कारण ते बाळगुटीच्या पेटीतच होते. पूर्वी ज्या घरात पाळणा हलत असे त्या घरात सहाण असे, आणि सहाणेजवळ जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड, सुंठ, वेखंड, बदाम, खारीक. आईच्या दुधात एकेकाचे एक-दोन वेढे उगाळायचे आणि बोटाने चाटवायचे. म्हणून आमच्याकडे कॉफीत जायफळ किसून कधी घातले नाही, उगाळूनच घातले. सासूबाई म्हणत, "चौघांना आठ वेढे, पाहुणे आले तर बारा." हे माप कोणत्या पुस्तकातले नव्हे, ते गुटीचे माप होते. बाळंतिणीच्या खोलीतले औषध दुधाच्या पातेल्यापर्यंत आले, आणि ते आणणारा हात बाईचाच होता. (हल्ली बालरोगाचे डॉक्टर तान्ह्या मुलाला सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका, जायफळ तर नकोच, असे सांगतात. ते ऐकावे. मीही माझ्या धाकटीला गुटी दिली नाही, घरात रुसवे झाले तरी.)

जायफळाचा स्वतःचा इतिहास तर रक्ताने भिजलेला आहे. ते मूळचे इंडोनेशियाकडच्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवरचे. सतराव्या शतकात जगात दुसरीकडे कोठे ते होत नसे. डच कंपनीने १६२१ साली ती बेटे जिंकली तेव्हा तेथल्या लोकांची भयंकर कत्तल केली, केवळ जायफळाचा व्यापार एकट्याच्या मुठीत राहावा म्हणून. पुढे इंग्रजांनी तेथून रोपे नेली आणि मक्ता मोडला. आता आपल्याकडे केरळात जायफळ चांगले होते, आणि कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत बागायतदार ते लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जातीही काढल्या. जायफळाच्या झाडात नर आणि मादी वेगळी असतात. बी लावले तर फळ धरणारे निघेल की नाही हे काही वर्षे कळत नाही, म्हणून कलमे बांधतात. त्या फळाची साल, आत लाल जाळीची जायपत्री, तिच्या आत कवच आणि त्याच्या आत आपले जायफळ. कोकणातल्या माझ्या मावससासूबाई सालीचे लोणचे घालतात. एवढ्या दुरून, एवढ्या हालांतून आलेली ही वस्तू आपण आठ वेढे उगाळून पुन्हा डब्यात ठेवतो!

कृती लिहिण्याचा प्रश्न आला की मला कमलाबाई ओगले आठवतात. त्या आपल्याच भागातल्या, १९१३ साली कुंडलला जन्मल्या. शाळा चौथीपर्यंत. सांगलीला सासरी आल्या, सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या, आणि १९७० साली 'रुचिरा' निघाले तेव्हा महाराष्ट्रातल्या हजारो घरांत त्या वाटी-चमच्याच्या मापाने पोचल्या. नवख्या मुलीला 'अंदाजाने घाल' म्हणून भागत नाही, हे त्यांना कळले. चौथी शिकलेली बाई जर एवढे करू शकते तर सातवी शिकलेलीने एक लेख लिहायला हरकत नसावी, असे म्हणून मी पेन उचलले.

आता शेवटचा प्रश्न. ही कॉफी कोणाच्या वाट्याला आली?

खरे सांगायचे तर सर्वांच्या नाही. माण-खटावच्या कोरड्या मुलखात, ऊसतोडीच्या पालांवर थंडी काही कमी नसते, पण तेथे गुळाचा कोरा चहा, झालेच तर गवती चहाची पात. दूध निघाले तर ते विकायला. कॉफी ही वाड्यातल्या, पगारदारांच्या, पेढीवाल्यांच्या घरची वस्तू होती, आणि तेथेही रोजची नव्हे. रोज चहा, पाहुण्याला कॉफी. मुलगी बघायला आले की कॉफी, घरी गाण्याची बैठक झाली की मध्यंतरात कॉफी. पाहुण्यांना दिली, पुरुषांना दिली, मुलांनी हट्ट केला म्हणून त्यांना बशीतून दिली, आणि पातेल्याच्या तळाशी गाळ आणि साय उरली ती उगाळणारीची. आमच्या आजेसासूबाई म्हणत की आपल्याला पातळ कॉफी कशी लागते हे त्यांना चाळिशीनंतर कळले.

बायकांनी बायकांसाठी कॉफी केली ती दोनच वेळा. एक मंगळागौरीचे जागरण, आणि दुसरे संक्रांतीचे हळदीकुंकू. संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस म्हणजे ऐन थंडी, तेव्हा तिळगुळाबरोबर कढत मसाल्याचे दूध किंवा कॉफी. पण हळदीकुंकू म्हटले की सगळ्या बायका त्यात नव्हेत.

आमच्या घरात आजेसासूबाईंच्या जाऊबाई होत्या. त्यांना सगळे काकी म्हणत. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांचे कुंकू गेले, मूलबाळ नव्हते, आणि त्यानंतर साठ वर्षे त्या याच घरात राहिल्या. कॉफी करावी ती काकींनीच. एकादशीला त्या दिवसभर दुसरे काही घेत नसत, पण दुपारी कॉफी घेत, कारण दूध, साखर, कॉफी, जायफळ यांत उपासाला न चालणारे काही नाही. कॉफी हे अन्न नव्हे, असा तेव्हाचा निवाडा. काकी हसून म्हणत, "देवाने आमच्यासाठी एवढी एक फट ठेवली." त्यांचा हात जायफळावर असा बसला होता की दुसऱ्या घरून बोलावणे येई. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरी चाळीस-पन्नास बायका येत. काकी दुपारपासून माजघराच्या आत सहाण घेऊन बसत, जायफळ उगाळीत, दूध आटवीत, पेले भरीत. मुली तबके घेऊन बाहेर जात. बाहेर बायका म्हणत, "काय सुरेख झाली आहे हो कॉफी!" आणि काकी आत. बाहेर येण्याची चाल नव्हती, आणि कोणी 'या' असे म्हटलेही नाही. म्हणणाऱ्या वाईट होत्या असे नाही. त्यांना ते दिसतच नव्हते.

सासूबाई सांगतात ती हकीकत १९८० नंतरची. आपल्या मंडळाचे हळदीकुंकू दरवर्षी होई आणि मंडळाच्या वर्गणीदार असूनही सहा-सातजणी त्या दिवशी घरी राहत. वर्गणी सगळ्यांची, भरतकामाला सगळ्या, सहलीला सगळ्या, आणि या एका दिवशी नाही. एका सभेत कोणीतरी विषय काढला. पुष्कळ बोलणे झाले. जुन्या बायका म्हणाल्या, कुंकू हा सवाष्णीचा मान आहे, तो कसा मोडायचा? दुसऱ्या म्हणाल्या, मग त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. तेव्हा एक वर्गणीदार बाई, स्वतः विधवा, उभ्या राहून म्हणाल्या की वेगळा दिवस म्हणजे वेगळी पंगत, तिला आम्ही यायचो नाही. शेवटी त्या वर्षी आमंत्रणाच्या चिठ्ठीवर हळदीकुंकू हा शब्दच घातला नाही. 'तिळगूळ व कॉफी' एवढेच छापले. कोणाला हळदकुंकू लावून घ्यायचे त्यांनी दाराशी तबकातून आपले आपण लावून घ्यावे, आणि आत सगळ्यांनी बसावे. दोन-तीन बायका त्या वर्षी रागाने आल्या नाहीत. एकजण पुढेही कधी आली नाही.

काकींना सासूबाई घेऊन गेल्या. काकींनी बरोबर आपली सहाण आणि जायफळाची डबी नेली. तेथेही त्या आतच गेल्या, सवयीने. पण उगाळून झाल्यावर सासूबाईंनी त्यांना हाताला धरून बाहेर आणले आणि सतरंजीवर मध्ये बसविले, आणि सासूबाईंनी स्वतः पेला त्यांच्या हातात दिला. काकी घोट घेऊन म्हणाल्या, "साखर कमी पडली." बाकी काही बोलल्या नाहीत. त्यानंतर दर वर्षी गेल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या थकल्या होत्या, तरी वेढे मोजायला त्यांनीच मला शिकविले.

मला हे सगळे पुन्हा आठवले ते मे २०२२ मध्ये. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या चाली बंद करण्याचा ठराव केला. हेरवाड म्हणजे माझ्या माहेराहून जवळच, कृष्णेच्याच खोऱ्यात. त्याच महिन्यात सरकारनेही सर्व ग्रामपंचायतींनी तसे करावे असे पत्रक काढले. ठराव झाला म्हणजे सगळीकडे घडले असे नव्हे, हे आपण आजूबाजूला पाहतोच. गेल्याच वर्षी आमच्या आळीत एका घरी हळदीकुंकवाला शेजारच्या तरुण विधवेला बोलावले नाही, आणि वरून "तिलाच वाईट वाटेल म्हणून" असे सांगितले. तिला वाईट वाटलेच, ती मला म्हणाली. मी तिला घरी बोलावून कॉफी दिली. एवढे माझ्या हातात होते.

हल्ली बाटलीतली झटपट कॉफी आहे. आपल्या देशात ती १९६० नंतर रुळली. कढत दुधात चमचा ढवळला की झाले. तिला नावे ठेवणे बरोबर नाही. नोकरी करून सहाला घरी येणाऱ्या सुनेने पूड झाकून बसावे असे मी म्हणणार नाही. त्या कॉफीतही जायफळाचे वेढे चालतात. माझी मोठी मुलगी पुण्याला वसतिगृहात असते. तिला मी सहाण देऊ केली, तिने लहानशी किसणी नेली. चालायचेच.

दोन सूचना मात्र द्याव्याशा वाटतात. जायफळाने झोप लागते म्हणून रात्री ही कॉफी घ्यावी असे पुष्कळजणी म्हणतात. चिमूटभर जायफळाने फारसे काही होत नाही, आणि कॉफीतली तरतरी निम्मी उतरायलाच पाचएक तास लागतात. दिवसभर राबलेल्या बाईला झोप येते ती दमल्यामुळे. ज्यांना रात्री डोळा लागत नाही त्यांनी नुसते जायफळाचे दूध घ्यावे. आणि जायफळ हे विषारीही आहे. सुगंधाला उत्तम, पण एखादे पूर्ण जायफळ पोटात गेले तर छाती धडधडते, उलट्या होतात, भ्रम होतो. म्हणूनच गुटीवाल्या बायका वेढे मोजत.

आता आमच्या घरची रीत. चार कपांना दीड कप पाणी आणि अडीच कप दूध. पाण्यात चार चमचे साखर आणि हवा असल्यास सुंठीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेचून घालावा. पाणी खळखळून उकळले की भांडे खाली उतरवून चार लहान चमचे कॉफीची पूड घालावी आणि झाकून पाच मिनिटे ठेवावे. पूड घातल्यावर उकळू नये, वास उडतो आणि कडूपणा राहतो. मग वरून चमचाभर गार पाणी शिंपडावे म्हणजे चोथा तळाला बसतो, आणि धुतलेल्या मलमलीच्या फडक्यातून गाळावे. दूध दुसरीकडे साय धरू न देता ढवळीत कढवावे. दोन्ही एकत्र करावे, तीन वेलदोड्यांची पूड घालावी, आणि जायफळ अगदी शेवटी, आठ वेढे. गूळ घालायचा तर तो गाळलेल्या काळ्या कॉफीत विरघळवून घ्यावा, आणि चुलीवरून उतरविलेले दूध त्यात मागाहून घालावे. गूळ घालून दूध उकळले तर नासते, मग गूळ कऱ्हाडचा असो की सांगलीचा.

मंडळाच्या तिळगुळाला साठ बायका धरून सात लिटर दूध, तीन लिटर पाणी, तीनशे ग्रॅम कॉफी, पाऊण किलो साखर आणि पंधरा ग्रॅम वेलदोडे लागतात. जायफळ एक आणले तरी अर्धे उरते. काकींची सहाण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आमच्याकडून घेऊन जावी. वेढे मोजायला दोन तरुण मुली आणि त्यांच्याजवळ बसायला एक जुनी बाई हवी, नावे अध्यक्षाबाईंकडे द्यावीत.